पेढ्यांची घाई

आपल्या लोकांना कोणत्याही कार्याचा आरंभ आवडतो आणि शेवट आवडतो. मधले काही आवडत नाही. नारळ फोडायला गर्दी होते, फीत कापायला गर्दी होते. नारळ आणि फीत यांच्यामध्ये जी पाच-सात वर्षे धूळ उडते ती कोणाच्या छातीत जाते, हे विचारायला कोणी येत नाही. आम्ही दिंडोशीकरांनी हे फार जवळून पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, आमच्या महामार्गावर मेट्रो धावू लागली. १३ जुलै २०२४ ला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. तारखा दोन्ही पाठ आहेत. मधल्या वर्षांची तारीख कोणती सांगावी?

पण रस्त्यांचे राहू द्या. मला ज्या मधल्या काळासाठी भांडावयाचे आहे तो माणसाच्या हाडांतला आहे.

रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया, मज्जा सुकून जाण्याचा ॲप्लास्टिक ॲनिमिया, अशा काही रोगांवर दुसऱ्याच्या मूळपेशी रोग्याच्या अंगात रुजवण्याचा उपाय आता आपल्या मुंबईत पुष्कळ ठिकाणी होतो. घरातल्या एखाद्या मुलावर तो करावयाचा ठरला की सारे गणगोत खडबडून जागे होते. पैसा उभा राहतो, दागिने मोडतात, गावचे देव बोलले जातात, कचेरीत वर्गणीची यादी फिरते. हे सारे चांगलेच आहे; त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. मग महिना-दीड महिन्याने मुलगा घरी येतो. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला फडके, पण आपल्या पायांनी जिना चढतो. त्या संध्याकाळी पेढे वाटले जातात, आणि पेढ्याबरोबर एक वाक्य सर्वांच्या तोंडी होते: "बरा झाला हो!"

या वाक्याशी माझे भांडण आहे. तो बरा झालेला नाही. त्याला बरे होण्याची संधी मिळाली आहे, आणि ती संधी साधण्याचे काम त्या दिवसापासून पुढे वर्ष-दोन वर्षे चालावयाचे आहे. नेमक्या त्याच दिवशी आपण सर्वजण कार्य आटोपल्यासारखे हात धुऊन मोकळे होतो.

या उपचाराला प्रत्यारोपण म्हणतात, म्हणून लोकांना वाटते की ती एखादी मोठी चिरफाड असेल. तसे मुळीच नसते. दात्याच्या पेशींची पिशवी रक्ताच्या बाटलीप्रमाणे दांडीला टांगतात आणि शिरेतून थेंबाथेंबाने सोडतात. पाहणाऱ्याची निराशाच व्हावी इतका तो प्रसंग साधा. खरा घाव त्याच्या आधीच घातलेला असतो. जबर औषधांनी, कधी किरणांनी, रोग्याची स्वतःची मज्जा जवळजवळ पुसून टाकलेली असते. कारण जुने भाडेकरू हलल्याशिवाय नव्यांना जागा मिळत नाही, आणि बहुतेकदा त्या जुन्यांतच रोग दडलेला असतो. मज्जेबरोबर काय काय पुसले जाते याचा हिशेब मात्र आपण करीत नाही. आईच्या मांडीवर बसून घेतलेल्या लसी, शाळेत काढलेला गोवर, दर पावसाळ्यात आलेले ताप यांची शरीराने जी वही लिहून ठेवलेली असते, तिची शाई विरू लागते आणि वर्षा-दोन वर्षांत, कधी चार वर्षांत, पाने कोरी होतात. रक्तगटसुद्धा दात्याचा होतो. आंब्याच्या कलमात खुंट एका झाडाचा आणि फळ दुसऱ्याचे, तसा हा प्रकार आहे.

नव्या पेशी मात्र एका दिवसात कामाला लागत नाहीत. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात. त्यांचा आकडा एका घन मिलिमीटरला ५०० च्या वर सलग तीन दिवस टिकला की डॉक्टर म्हणतात, "रुजले." पेढे येतात ते या शब्दावर. पण कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, लावणीनंतर रोप उभे राहिले म्हणजे भात घरी आला काय? न्यूट्रोफिल हा नाक्यावरचा हवालदार आहे. समोर आलेल्याला दंडुका हाणण्यापलीकडे त्याला फारसे ठाऊक नसते. गुन्हेगाराचा चेहरा लक्षात ठेवणारे, जुनी दप्तरे चाळणारे, पुन्हा आला तर उंबऱ्यावरच पकडणारे खाते निराळे आहे. ते टी आणि बी या दोन जातींच्या लिम्फोसाइट पेशींचे खाते, आणि ते सरकारी खात्यासारखेच सावकाश उभे राहते.

टी पेशींमधल्या ज्यांच्यावर साऱ्या फौजेची आज्ञा चालते त्या सीडी-४ पेशी पहिले तीन महिने पुष्कळदा २०० च्या खालीच घुटमळतात. धडधाकट माणसात त्या निदान ५०० तरी असतात. दात्याकडून थोड्या जाणत्या टी पेशी आलेल्या असतात, त्या भराभर वाढून वेळ निभावून नेतात. पण त्यांचे शहाणपण मोजके. नवा शत्रू ओळखणाऱ्या नव्या टी पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत शिकून तयार व्हाव्या लागतात. ही शाळा बालपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाची फौज जितक्या लवकर उभी राहते तितक्या लवकर त्याच्या चाळिशीतल्या काकाची राहत नाही. बी पेशी पुरत्या सावरायला वर्ष जाते, कधी दोन. आणि त्या सावरल्या तरी टी पेशींच्या मदतीशिवाय त्यांची कामगिरी अर्धवटच राहते. म्हणून संकटेही आपापल्या वेळा गाठून येतात. पहिल्या आठवड्यांत जंतू आणि बुरशी. महिन्यानंतर, विशेषतः पहिल्या शंभर दिवसांत, सायटोमेगॅलो नावाचा विषाणू. तो आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात निमूट झोपलेला असतो आणि पहारा ढिला पडला की उठतो. पुढे नागीण, पुढे न्यूमोनियाचे जंतू. पेढ्यांचा डबा रिकामा होऊन सहा महिने झाले तरी ही रांग संपलेली नसते.

हे ज्ञान परदेशातून काल आले आणि आपल्याला अजून पचले नाही, असेही म्हणता येत नाही. २० मार्च १९८३ ला परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रोगी रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. ओवाळणीत भावाने बहिणीला याहून मोठे काही घातल्याचे मी तरी ऐकलेले नाही. अडवाणी अमेरिकेत सिअॅटलला ज्यांच्या हाताखाली ही विद्या शिकून आले त्या डॉ. डोनॉल थॉमस यांना तिच्याचसाठी १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अडवाणींविषयी आणखी एक गोष्ट सर्वश्रुत आहे. आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. पोलिओची लस निघण्यापूर्वी वा पोहोचण्यापूर्वी ज्यांचे बालपण गेले त्या पिढीचे ते. त्या पिढीच्या माणसाने उभ्या केलेल्या या उपचारातून जो मुलगा वाचून बाहेर येतो, तो लसींच्या बाबतीत पुन्हा त्याच लसविरहित काळात जाऊन उभा राहतो, आणि आपण त्याला हाताला धरून पुढे आणीत नाही. पुढे जी मागणी करणार आहे तिचे मूळ येथे आहे.

आता आपल्या आज्यांकडे वळू. बाळंतिणीच्या खोलीत कोणी जावे, कोणी जाऊ नये, बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवावेत, बाळाची पापी घेऊ नये, सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढू नये, हे नियम त्यांना कोणी छापून दिले नव्हते. त्यांतले काही निव्वळ भ्रम होते, काही बाईच्या जिवावर बेतणारेही होते. त्यांची आरती करण्याचा माझा हेतू नाही. पण नवा जीव कोवळा असतो आणि त्याच्याभोवती घराने काही दिवस वेगळे वागले पाहिजे, एवढे त्या ओळखून होत्या. येथे तर नवा जीव नऊ वर्षांचा किंवा एकोणचाळीस वर्षांचा असतो. तो बोलतो, चालतो, वर्तमानपत्र वाचतो. म्हणूनच आपली फसगत होते. दिसायला मोठा, म्हणजे आतूनही मोठा, असे धरून आपण पंधरा-पंधरा जण त्याला भेटावयास जातो. त्यांतल्या एकाला सर्दी असते आणि तो ती मोठ्या कौतुकाने सांगतोही.

येथे कोणी विचारील, मग काय त्याला वाळीत टाकावे? नाही. वाळीत टाकणारेही मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला अधिकच राग येतो. कर्करोग झालेल्या मुलाच्या घरचे पाणी प्यायला कचरणारी, आपल्या मुलाला त्याच्याशी बोलू न देणारी माणसे सुशिक्षित वस्त्यांत आजही आहेत. त्यांना वाटते की त्याच्यापासून आपल्याला काही होईल. रक्ताचा कर्करोग लागत नाही, थॅलॅसेमिया लागत नाही. धोका वाहतो तो उलट दिशेने, आपल्याकडून त्याच्याकडे. हातभर अंतर ठेवावयाचे ते त्याच्यासाठी. विटाळाच्या नावाखाली या महाराष्ट्राने शतकानुशतके जे केले त्याची सावलीदेखील या अंतरावर पडता कामा नये. दारातून हसून बोला, खिडकीतून हात हलवा, फोनवर तासभर गप्पा मारा. मुलाला त्याची गरज आहे, आणि त्याच्या आईला तर त्याहून आहे.

दुसरी एक जमात आहे ती प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्यांची. कोविडच्या साथीपासून या शब्दाला जो ऊत आला आहे तो काही उतरत नाही. च्यवनप्राश, काढा, गुळवेलीचा रस, अमक्या फळाची पूड. घरात मज्जा बदललेला रोगी आहे असे कळले की हितचिंतकांच्या पिशवीतून या बाटल्या निघू लागतात. "शक्ती वाढेल हो, नुकसान तर नाही ना?" नुकसान आहे. पहिली गोष्ट अशी की रोग्याला चालू असलेली औषधे यकृतावर आधीच भार टाकीत असतात. गुळवेलीसारखी साधी समजली जाणारी वनस्पती घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रोग्यांची हकीकत मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद तज्ज्ञांनी लढावा. नाजूक यकृताच्या माणसावर त्या वादाचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात कोणी करू नये, एवढेच मी म्हणतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती समजली तर "शक्ती वाढवा" हा मंत्र किती पोकळ आहे ते ध्यानात येईल. नवी फौज ही दात्याची आहे. तिला रोग्याचे शरीर परके वाटते. आकारास येता येता ती जर रोग्याच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडली तर त्याला डॉक्टर ग्राफ्ट व्हर्सस होस्ट रोग म्हणतात. पाहुण्याने यजमानाला मारण्याचा हा प्रकार. तो टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे देऊन ही शक्ती महिनोन्महिने मुद्दाम दाबून ठेवावी लागते. मौजेची गोष्ट अशी की तिला अगदीच दाबूनही चालत नाही, कारण तीच उरल्यासुरल्या कर्करोगपेशी हुडकून मारते. लगाम किती खेचावा आणि किती सैल सोडावा, हे ठरवण्यात निष्णात डॉक्टरांचे आयुष्य जाते. आणि आमचे मामा डोंबिवलीहून काढ्याची बाटली घेऊन येतात, घोड्याला चाबूक मारायला.

हे सारे घराच्या आतले झाले. बाहेरचे निराळे, आणि तेथे दिंडोशीचा संबंध येतो.

एका बाजूला आरे, एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मध्ये चित्रनगरी. कागदावर पाहिले तर मुंबईत यापरती हवेशीर जागा नसावी. प्रत्यक्षात दर दुसऱ्या गल्लीत कुठली तरी इमारत पडते आहे किंवा उठते आहे. ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्यात कोणी ना कोणी लाद्या बदलतो आहे. जुने बांधकाम फोडले की धुळीबरोबर ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू उडतात. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा. तुम्ही-आम्ही रोज असे कितीतरी हुंगतो आणि पचवतो. प्रत्यारोपण झालेल्याच्या फुप्फुसात तेच बीज धरते, आणि तेथे धरले की जीव वाचवणे फार कठीण. रुग्णालयाच्या आवारात बांधकाम चालू असताना प्रत्यारोपणाच्या रोग्यांत या बुरशीची लागण वाढल्याचे अनुभव जगभर नोंदलेले आहेत. म्हणूनच त्यांच्या खोल्यांत गाळलेली हवा सोडतात, कुंडी आणि ताजी फुलेसुद्धा आत येऊ देत नाहीत. महिनाभर अशा खोलीत जपलेला मुलगा घरी येतो, आणि त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर हातोडा चालू असतो.

आमच्या बाजूच्या एका सोसायटीच्या सभेला मी हजर होतो. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, वाहनतळ आणि दिवाळीची रोषणाई. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" या सदराखाली अशाच एका मुलाची आई उठली. तिचे मागणे फार नव्हते. वरच्या घरातली फोडाफोड थांबवा असेही ती म्हणाली नाही. फोडताना लाद्या ओल्या ठेवा, डेब्रिज जिन्यातून उघड्या घमेल्यांनी नेऊ नका, गोणीत बांधून न्या, आणि आदल्या दिवशी सांगा म्हणजे आम्ही खिडक्या बंद करू. सभेने ऐकून घेतले. मग एक सभ्य गृहस्थ, आवाजात कोठेही कटुता नाही, म्हणाले, "पण ताई, मुलगा तर बरा झाला ना? पेढे खाल्ले की आम्ही." सभा हसली. आईदेखील हसली, आपल्याकडे बायकांना तेवढे येतेच. ठराव झाला नाही. रोषणाईच्या ठरावाला मात्र तीन सूचक आणि पाच अनुमोदक मिळाले.

याला मी क्रौर्य म्हणणार नाही, त्या गृहस्थांनी उपचाराच्या वेळी वर्गणीही दिली असेल. पण त्या एका पेढ्याने त्यांच्या मनातले खाते बंद करून टाकले होते. एरवी गोणपाट ओले करण्याला खर्च तो किती येतो?

कबुतरांचीही तीच गोष्ट. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून केवढे रण माजले ते वाचकांना आठवत असेल. धर्म, दया, न्यायालय, सारे त्यात आले. कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते आणि ती दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते, ही त्या वादातली सर्वांत निर्विवाद बाजू. आणि चर्चा झाली ती बहुतेक बाकीच्याच बाजूंची. दयेचे पुण्य दाणे टाकणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. ते फेडतो मात्र खालच्या मजल्यावरचा मुलगा.

आता लसींकडे येतो, कारण या साऱ्या प्रकरणात सरकारला आणि महापालिकेला जाब विचारावयाचा तो येथे.

वही कोरी झालेली असल्यामुळे प्रत्यारोपणानंतर जवळजवळ सर्व लसी पुन्हा द्याव्या लागतात. न्यूमोनियाची लस तीन ते सहा महिन्यांपासून, इन्फ्लुएंझाची चार-सहा महिन्यांपासून. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि टोचून द्यावयाची पोलिओ सहा महिने ते वर्षाच्या सुमारास सुरू. गोवर आणि कांजिण्यांच्या लसींत जिवंत विषाणू असतो, तेव्हा त्या दोन वर्षे उलटल्याशिवाय, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद होऊन पाहुण्या-यजमानाचे भांडण मिटल्याशिवाय देत नाहीत. बीसीजी तर देतच नाहीत. म्हणजे निदान दोन वर्षे त्या मुलाला गोवराविरुद्ध स्वतःची ढाल नसते. त्याची ढाल म्हणजे शेजारची मुले. त्यांनी लस घेतलेली असेल तर गोवर त्याच्या दारापर्यंत येत नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीकडे गोवराची साथ उसळली आणि कोवळी मुले दगावली, ती याच मुंबईत. साधा गोवर, म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, तो अशा मुलाच्या फुप्फुसात उतरला तर त्याला साधा म्हणता येत नाही. लसीला नाक मुरडणारे सुशिक्षित आईबाप आपल्याच मुलाचा निर्णय घेत आहोत अशा समजुतीत असतात. तो निर्णय त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठीही घेतलेला असतो. त्याला विचारलेले नसते एवढेच.

पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या थेंबांची गोष्ट जरा निराळी. ज्या थेंबांनी हा देश वाचवला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळवून दिला, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यात जिवंत विषाणू असतो आणि थेंब घेतलेल्या बाळाच्या विष्ठेतून तो काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून ज्या घरात प्रत्यारोपण झालेला रोगी आहे त्या घरातल्या धाकट्याला थेंबांऐवजी टोचायची लस द्यावयाची असते. दारावर येणाऱ्या सेविकेला हे घरच्यांनीच सांगावे लागते, कारण तिच्या यादीत अशा घरासाठी रकाना नाही.

आणि रकाना नाही हीच तर सारी तक्रार आहे. आपला राष्ट्रीय लसीकरणाचा तक्ता वयावर बांधलेला आहे: जन्मतः, सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. नऊ वर्षांचा मुलगा सहा आठवड्यांची लस मागावयास आला तर दवाखान्यातल्या परिचारिकेने ती कोणत्या ओळीवर लिहावी? कांजिण्यांची लस तर त्या तक्त्यातच नाही. मग बाप औषधांच्या दुकानाकडे वळतो. ज्याने उपचारासाठी घर गहाण टाकले त्याला न्यूमोनियाच्या लसीच्या तीन-चार मात्रा खिशातून घ्यावयास सांगणे, म्हणजे विहिरीतून वर काढलेल्याला काठावर उभे राहण्याचे भाडे मागणे आहे. पुष्कळजण मग त्या लसी लांबवतात. लांबवतात, आणि विसरतात.

"असे रोगी असतात तरी किती?" असे उत्तर मिळेल हे मला ठाऊक आहे. थोडे असतात. पण थोडे आहेत म्हणूनच त्यांची सोय करणे स्वस्त आहे, हे तितकेच खरे नव्हे काय? हा श्रीमंतांचा रोग, असेही म्हणता येत नाही. खुद्द महापालिकेने आमच्या उत्तरेला, बोरिवली पूर्वेला, थॅलॅसेमियाच्या आणि रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांसाठी केंद्र चालवून तेथे मज्जा-प्रत्यारोपणाची सोय केली आहे. थॅलॅसेमियाच्या गरीब मुलांना कोल इंडियाच्या योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. शिवाय भावंडांत पुरता मेळ बसण्याचा योग चारांत एक. घरटी एकच मूल असलेल्या आजच्या कुटुंबांत तोही नाही. पण आता अर्धा मेळ असलेले आई किंवा बाप दाता होऊ शकतात. म्हणजे हे रोगी वाढणार आहेत, आणि ते तुमच्या-आमच्या जिन्यावरच राहणार आहेत. दहा लाख उपचारावर घालावयाचे आणि नंतरच्या काही हजारांच्या लसींवर हात आखडावयाचा, याला काटकसर म्हणत नाहीत. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्यारोपणाचे कार्ड दाखवले की वय न विचारता लस मिळावी, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला खांद्यावर घेता येईल इतकी हलकी आहे.

दिंडोशीला मागणे नवे नाही. याच मातीवर नागरी निवारा परिषदेने सामान्य मिळकतीच्या हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली; मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांनी कमाल जमीन धारणा कायद्याचा एकेक कागद धरून सरकारशी वर्षानुवर्षे झुंज दिली तेव्हा ती उभी राहिली. गोरेगावच्या नळाला पाणी यावे म्हणून ज्या बाईने मोर्चे काढले, तिला लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या लढाईला आरंभ होता, शेवटही होता. पण मृणालताई लोकांना आठवतात त्या मधल्या वर्षांसाठी. त्यांच्या नावाने सभागृहे बांधणाऱ्यांनी निदान आपल्या सोसायटीच्या सभेत ओल्या गोणपाटाचा एक ठराव मांडावयास हरकत नाही. सूचक मिळत नसेल तर मी आहे.

आणि ही दिवाळी तोंडावर आली आहे. तुमच्या इमारतीत असे एखादे घर असेल तर फटाके त्या बाजूला लावू नका. धूर तर धूर, पण त्याने खिडक्या बंद होतात आणि त्या मुलाला तेवढीच एक खिडकी आहे. पुढच्या चार-सहा आठवड्यांत लाद्या बदलावयाच्या असतील तर आधी त्याच्या आईला गाठा. घरात कोणी शिंकत असेल तर पाडव्याची भेट फोनवर उरका. इन्फ्लुएंझाची लस तुम्हीही टोचून घ्या. फराळ पाठवावयाचा असेल तर काय चालते ते आधी विचारा, त्याच दिवशी तळलेला, झाकलेला डबा दारात ठेवा आणि खाली या. आत जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवावयाचा असेल तर तेवढे पुढच्या दिवाळीपर्यंत राहू द्या. आणि तेव्हाही त्याच्या डॉक्टरांना विचारून.